चंचल मूल आणि एकाग्रतेचा बाजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



डोंबिवली किंवा कल्याण स्थानकाबाहेर पडून बाजारपेठेतून चालू लागले, म्हणजे मध्यमवर्गाच्या चिंता दुकानांच्या पाट्यांवर वाचता येतात. एके काळी तेथे टंकलेखन व लघुलेखनाच्या वर्गांच्या पाट्या असत. पुढे संगणकवर्ग आले, त्यामागून अबॅकसचे वर्ग आले. आता मुलांची एकाग्रता वाढवून देण्याची हमी देणारा व्यवसाय मोबाइलच्या पडद्यावरून घरोघर पोचू लागला आहे. लक्ष न लागणाऱ्या, एका जागी न बसणाऱ्या मुलांना संगणकावरील खेळांच्या साह्याने 'अवधानाचे प्रशिक्षण' देणे, हा त्यातला सर्वांत शास्त्रीय दिसणारा प्रकार होय. राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर एका घराच्या चित्रातून अधिक स्पष्ट होईल.

ठाकुर्लीच्या एका चाळवजा इमारतीतले घर कल्पावे. वडील सकाळी सातच्या आधी लोकल पकडून मुंबईस जातात आणि रात्री नऊला परततात. आई वागळे इस्टेटमधल्या एका कचेरीत काम करते. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. शाळेच्या डायरीत बाईंचे शेरे साचत चालले आहेत: लक्ष देत नाही, वही अपुरी ठेवतो, शेजारच्या मुलांना त्रास देतो. आजी म्हणते, हा बापावर गेला. शेजारी म्हणतात, दोन रट्टे द्या, सुतासारखा सरळ होईल. अशा वेळी कोणी तरी सांगते, की संगणकावर पंचवीस बैठका घेतल्या म्हणजे औषधावाचून मुलगा सुधारतो. पैसे आगाऊ भरावे लागतात. आई भिशीचा नंबर कधी लागेल याचा हिशेब करू लागते, आणि भागातली ओळखीची कार्यकर्ती भेटली म्हणजे तिला विचारते, "ताई, तुम्ही चार पुस्तके वाचता. घालू का पैसे?"

या माउलीला कार्यकर्तीने काय सांगावे? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर विज्ञान, बाजार आणि शासन या तिन्ही गोष्टी तपासाव्या लागतात.

विकार खरा आहे

पहिली गोष्ट अशी, की हा विकार कोणी औषध कंपनीने काल शोधून काढलेला नाही. लंडनमध्ये १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना एका उत्तेजक औषधाने चंचल मुले शांतपणे अभ्यासाला बसतात असे आढळले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली 'अवधान-न्यूनता' हे नाव मान्य केले आणि १९८७ साली त्यात अतिचंचलता जोडली. आज वैद्यकीय व्यवहारात जे एडीएचडी म्हणून ओळखले जाते, ते हेच. जगभरच्या पाहण्यांचा गोळाबेरीज अंदाज मुलांमध्ये सुमारे पाच टक्क्यांचा आहे. चाळीस मुलांच्या वर्गात दोन मुले, असा त्याचा साधा अर्थ होतो. ही मुले आळशी नसतात, वाया गेलेलीही नसतात. त्यांना रट्टे देणे म्हणजे चष्म्याची गरज असलेल्या मुलाला फळा दिसत नाही म्हणून मारण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. प्रत्येक चंचल मूल या विकाराने ग्रस्त असते असे मुळीच नाही. अमेरिकेतील ज्या राज्यांत शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही सीमारेषा आहे, तेथील नोंदींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये जन्मलेली, म्हणजे वर्गात वयाने सर्वांत लहान असलेली मुले आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेली, म्हणजे सर्वांत मोठी असलेली मुले यांची त्यात तुलना होती. लहान मुलांमध्ये या विकाराचे निदान ३४ टक्क्यांनी अधिक आढळले. मेंदूचा विकार जन्माचा महिना पाहून येत नाही. केवळ वयाने लहान असणाऱ्याच्या बालसुलभ चुळबुळीला विकाराचे नाव मिळत होते, हाच त्याचा अर्थ.

ठाणे-कल्याणच्या परिसरात अशी गफलत होण्यास आणखी कारणे आहेत. आई-वडील रात्री उशिरा परततात, एका खोलीत दिवा आणि दूरदर्शन संच चालू असतो, मूल अकराला झोपते आणि सकाळच्या अधिवेशनासाठी सहाला उठवले जाते. अपुऱ्या झोपेचे मूल वर्गात पेंगतेच असे नाही. पुष्कळदा ते अधिकच चळवळे होते. ऐकू कमी येणारे मूल 'लक्ष देत नाही' म्हणून ओळखले जाते. शरीरातले लोह कमी असले तरी अवधानावर परिणाम होतो, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. त्या वेळची ती बालके आज प्राथमिक शाळेच्या बाकांवर बसलेली आहेत. तेव्हा निदान करणाऱ्याने आधी झोप, कान, डोळे, रक्त आणि घरची परिस्थिती तपासली पाहिजे. पंधरा प्रश्नांच्या छापील कागदावर खुणा करून हे निदान होत नाही.

पडद्यावरच्या तालमीचा दावा

आता संगणकाकडे वळू. या प्रशिक्षणामागचा विचार टाकाऊ नाही. माणूस एखादा हिशेब मनात करतो तेव्हा आकडे काही क्षण मनात धरून ठेवतो. या शक्तीला कार्यकारी स्मृती म्हणतात. एडीएचडी असलेल्या पुष्कळ मुलांत ती दुबळी असते. तेव्हा तिला व्यायाम दिला तर अवधानही सुधारेल, अशी कल्पना स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील तोर्केल क्लिंगबर्ग यांनी मांडली. २००२ साली त्यांनी लहानसा प्रयोग केला. २००५ साली ५३ मुलांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते आशादायक होते. त्यातून 'कॉगमेड' हा कार्यक्रम निघाला. पाच आठवड्यांत पंचवीस बैठका, हे त्याचे स्वरूप. २०१० साली पिअर्सन या बलाढ्य शैक्षणिक कंपनीने तो विकत घेतला. प्रयोगशाळेतील एक गृहीतक दहा वर्षांच्या आत बाजारातील माल झाले.

पुढे इतर संशोधकांनी काटेकोर परीक्षा घेतल्या. अशा परीक्षेत मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एका गटाला खरे प्रशिक्षण मिळते, दुसऱ्याला तसाच दिसणारा साधा खेळ दिला जातो. मुलात फरक पडला का, हे शक्यतो अशा व्यक्तीने सांगायचे असते, जिला मूल कोणत्या गटात होते हे ठाऊक नाही. ही दक्षता का घ्यावी लागते? ज्या आईने पदरमोड करून महिनाभर मुलाला केंद्रावर नेले, तिला सुधारणा दिसावी ही मानवी गोष्ट आहे. ती खोटे बोलत नसते. तिची आशा बोलत असते.

या कसोटीवर दावा टिकला का? २०१५ साली सामुएले कोर्तेसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६ परीक्षांचा एकत्रित आढावा घेतला. मुलाचा गट ठाऊक असलेल्या मोठ्या माणसांच्या मते फायदा दिसत होता. गट ठाऊक नसलेल्यांच्या मते तो फारच आटत होता. २०२३ साली ३६ परीक्षांचा नवा आढावा प्रसिद्ध झाला. कार्यकारी स्मृतीच्या कसोट्यांत मुलांची प्रगती झाली होती. परंतु विकाराच्या लक्षणांत पडलेला फरक अत्यल्प आणि अल्पकाळाचा होता, आणि अतिचंचलतेवर तर परिणाम दिसलाच नाही. केवळ या प्रशिक्षणाला उपचार मानण्यास पुराव्याचा आधार नाही, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. घरगुती भाषेत सांगायचे, तर कॅरमवर हात बसला म्हणून अक्षर सुधारत नाही. मूल त्या खेळात तरबेज होते. वर्गात बाई शिकवत असताना खिडकीबाहेर जाणारे त्याचे मन परत येतेच असे नाही.

याच सुमारास आणखी एक प्रकरण घडले. १५ जून २०२० रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'एंडेव्हरआरएक्स' या खेळाला ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी परवानगी दिली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारा हा पहिलाच संगणकीय खेळ, म्हणून जगभर गाजावाजा झाला. त्याची परीक्षा ३४८ मुलांवर झाली होती. अवधान मोजणाऱ्या संगणकीय चाचणीत खऱ्या खेळाच्या गटाची कामगिरी सरस ठरली. परंतु आई-वडिलांनी पाहिलेल्या लक्षणांत दोन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखीच होती. खेळ बनवणारी कंपनी २०२२ साली भांडवल बाजारात उतरली, तेव्हा तिचे मूल्य सुमारे शंभर कोटी डॉलर मानले गेले. २०२४ साली ती सुमारे साडेतीन कोटी डॉलरना विकली गेली. मुलांच्या अवधानात दोन वर्षांत असा चढउतार झाला नव्हता. चढउतार झाला तो गुंतवणूकदारांच्या अपेक्षांत.

भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतही अतिरंजित दाव्यांना लगाम घालावा लागला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 'जंगल रेंजर्स' हा खेळ मुलांची एकाग्रता कायमची वाढवतो, एडीएचडी असलेल्या मुलांचीही, अशी जाहिरात करणाऱ्या कंपनीवर तेथील संघराज्य व्यापार आयोगाने २०१५ साली कारवाई केली. 'लुमॉसिटी' या प्रसिद्ध कार्यक्रमाच्या मालकांना जानेवारी २०१६ मध्ये वीस लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. आपल्याकडेही डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या 'मिडब्रेन' वर्गांचा प्रकार फार जुना नाही. मुले पट्टीच्या फटीतून पाहतात, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी जाहीरपणे दाखवून दिले. संगणकीय प्रशिक्षण त्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. त्यामागे खरे संशोधन आहे. मात्र पालकाच्या खिशात हात घालताना दोघांचीही भाषा एक होऊ लागते, हा धोका आहे.

बाजार येथे का अपुरा पडतो

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न नवा नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले, की वैद्यकीय सेवेचा बाजार भाजीबाजारासारखा चालू शकत नाही. भाजी घेणारी बाई वांगे दाबून पाहते, आणि किडके निघाले तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाड्यावर जाते. उपचार विकत घेणाऱ्याला मालाची पारख नसते, आणि फसगत झाली तरी ती कळण्याचे साधन नसते. मूल महिनाभरात थोडे शांत झाले, तर ते खेळामुळे, वय वाढल्यामुळे, की आई रोज अर्धा तास शेजारी बसल्यामुळे, हे ती कशी ठरवणार? आणि सुधारणा झालीच नाही, तर 'घरी सराव कमी पडला' हे उत्तर तयार असते. दोष पुन्हा आईच्याच पदरात!

यात भर पडते ती भीतीची. ज्या समाजात चांगल्या नोकऱ्या थोड्या आणि उमेदवार असंख्य, तेथे तिसरीतल्या मुलाची अपुरी वही म्हणजे भावी बेकारीची नोटीस वाटू लागते. या भीतीतूनच प्रत्येक नव्या वर्गाला गिऱ्हाईक मिळते. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच निदर्शनास आणले होते, की माहितीचा सुकाळ झाला म्हणजे अवधानाचा दुष्काळ पडतो. आज एक उद्योग मोबाइलवरून मुलांचे अवधान ओढून घेतो, जाहिरातदारांना विकतो, आणि दुसरा उद्योग तेच अवधान परत मिळवून देण्याचे शुल्क आकारतो. दोन्ही वेळा पडदा तोच असतो आणि पैसे देणारे घरही तेच असते.

याचा अर्थ यंत्राला विरोध करावा असा नाही. साठच्या आणि ऐंशीच्या दशकांत विमा व बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाला विरोध केला, तो रोजगाराच्या काळजीपोटी. आज त्या चर्चेतून घ्यायचा बोध हा, की यंत्र कोणाच्या मालकीचे, कोणाच्या हिताचे आणि कोणाच्या देखरेखीखाली, हा प्रश्न विचारणे कधीच जुने होत नाही. उद्या एखादा संगणकीय कार्यक्रम कसोटीला उतरला, तर तो पालिकेच्या शाळेत विनामूल्य मिळावा, हीच मागणी राहील.

जे उपयोगी पडते, ते कोठे आहे?

उपयोगी पडणारे उपाय ठाऊक आहेत. आई-वडिलांना मुलाशी वागण्याचे प्रशिक्षण, वर्गात पुढचा बाक, लहान लहान तुकड्यांत दिलेले काम, चांगल्या वागण्याची तत्काळ दखल, नियमित झोप व मैदानी खेळ, आणि गरज असेल तेथे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषध. अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने चाललेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने मुख्य लक्षणे सर्वाधिक आटोक्यात आली. तीन वर्षांनी मात्र उपचारांच्या गटांतला फरक उरला नव्हता. तेव्हा औषध वर्ज्य नाही आणि रामबाणही नाही. या सर्व उपायांना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे शिकलेल्या माणसाचा वेळ. नेमका तोच आपल्या सार्वजनिक व्यवस्थेत दुर्मीळ आहे.

कागदावर व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. तपासावयाच्या स्थितींच्या त्याच्या यादीत अध्ययनातील अडचणी आणि एडीएचडी यांचाही उल्लेख आहे. फिरत्या पथकाने सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा जावे आणि संशयित मुलाला जिल्हा केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे. परंतु वर्षातून एकदा येणारे पथक दात, डोळे आणि त्वचा पाहता पाहता अवधान केव्हा पाहणार? शिवाय विनाअनुदानित शाळेतले मूल या जाळ्याबाहेर राहते, आणि डोंबिवली-कल्याणच्या निम्नमध्यमवर्गाची किती तरी मुले पोटाला चिमटा घेऊन अशाच शाळांत घातलेली असतात.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष गरजा असलेल्या दहा प्राथमिक विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे निर्माण करून भरण्याबद्दल पुन्हा बजावावे लागले. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे; एडीएचडीचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे केवळ हाच त्रास असलेले मूल सवलतींच्या रांगेत कोठे उभे राहावे, हे पालकाला उमगत नाही.

ठाण्याला मानसिक आरोग्याची परंपरा नाही असे कोण म्हणेल? येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यातच इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली आणि मनाच्या आरोग्याचा विषय मराठी घरांत बोलण्याजोगा केला. परंतु २०११ च्या जनगणनेतच ठाणे शहराची वस्ती अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. एवढ्या मुलांचा भार सेवाभावी संस्थांनी उचलावा अशी अपेक्षा करणे, हा शासनाने आपली जबाबदारी झटकण्याचा सभ्य मार्ग आहे.

कार्यकर्त्यांचे काम

तेव्हा करायचे काय? पहिले, दोन्ही महापालिकांच्या रुग्णालयांत, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात, बालमनाच्या तपासणीसाठी ठरलेल्या वारी पूर्ण मनुष्यबळाचा बाह्यरुग्ण विभाग मिळालाच पाहिजे, असा आग्रह धरावा. नोकरदार पालकांसाठी तो रविवारी किंवा सायंकाळी असावा. दुसरे, प्रत्येक प्रभागातील शाळांत विशेष शिक्षकांची किती पदे मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागवून फलकावर लावावी. तिसरे, आजार बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती जपून ठेवाव्यात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. वैद्यकीय उपयोगाची संगणकप्रणाली १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येते. उपचाराचा दावा करणाऱ्याला परवाना दाखवा, असे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे. चौथे, महिन्यातून एकदा शाखेच्या जागेत अशा मुलांच्या आई-वडिलांना एकत्र बसवावे. आपल्यासारखी आणखी दहा घरे आहेत हे कळले, म्हणजे निम्मी लाज गळून पडते. आणि लाज गेली म्हणजे भीतीवर चालणाऱ्या बाजाराचे निम्मे भांडवल जाते.

आता त्या ठाकुर्लीच्या माउलीकडे परत येऊ. कार्यकर्तीने तिला असे सांगावे: "ताई, भिशीचे पैसे आत्ताच भरू नका. मुलगा वाईट नाही आणि तुमचेही काही चुकलेले नाही. आधी त्याचे कान, डोळे, रक्त तपासून घेऊ आणि तो किती झोपतो ते आठवडाभर लिहून ठेवू. मग मनाच्या डॉक्टरांना दाखवू. मी बरोबर येते. बाईंना भेटून पुढचा बाक मागू. तो खेळ अपायकारक आहे असे नाही, पण त्यावर पोराचे भविष्य आणि घरची पुंजी लावावी असा पुरावा नाही."

यातले महत्त्वाचे वाक्य 'मी बरोबर येते' हे आहे. संगणकाला ते म्हणता येत नाही आणि बाजार ते फुकट म्हणत नाही. शासनाला ते म्हणायला लावणे हे चळवळीचे काम आहे. आणि तोपर्यंत ते स्वतः म्हणणे, हे कार्यकर्त्याचे.